सगळ्यांत मोठी मादी

टिकारामजींनी माझ्या डोक्यावर टोपी ठेवली आणि त्याच क्षणी माझ्या आतून काहीतरी गरम, जड खाली सरकलं. दोन्ही गोष्टी इतक्या एकदम झाल्या, की मला वाटलं टोपीनंच ते वरून दाबून बाहेर काढलं. टोपी नवी कोरी होती, खळ घातलेली, पुठ्ठ्यासारखी कडक, आणि तिला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. टिकारामजी म्हणजे अक्षतचे आजोबा, आणि अक्षत म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, मोनाचा, होणारा नवरा. म्हातारा थरथरत्या हातांनी ती टोपी माझ्या अंबाड्यावर बसवू पाहत होता आणि ती बसत नव्हती, कारण टोपी शिवणाऱ्यानं अंबाडा काही हिशेबात धरलेला नसतो. शेवटी त्यांनी ती पुढे, कपाळापर्यंत ओढली, माझ्या खांद्यावर पांढरा टॉवेल टाकला आणि तंबाखूच्या वासाचा हात माझ्या पाठीवर थोपटत साखरपुड्याच्या साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "आमच्यात बैठकीत बसणाऱ्याले टॉवेल-टोपी देल्याबिगर पान वाढत नाई. जगन्नाथची जागा इनं चालवली. पोरगी नाई बाप्पा ही, पोरगाच हाय." जगन्नाथ म्हणजे माझे बाबा. टाळ्या पडल्या. मांडवाच्या कडेला बायकांच्या घोळक्यात आई उभी होती, तिनं पदरानं डोळे पुसले. माझा भाऊ बंटी मोबाइल वर धरून व्हिडिओ काढत होता. आणि मला किळस आली. म्हाताऱ्याची, टाळ्यांची, टोपीच्या वासाची, आईच्या त्या ओल्या डोळ्यांची, आणि हे सगळं चाललेलं असताना तोंडावर जे हसू मी आणलं होतं त्याची तर सगळ्यांत जास्त.

उठून आत जायला हवं होतं, पण उठता येत नव्हतं. खुर्च्या भाड्यानं आणलेल्या, त्यांना पांढरेशुभ्र गलेफ आणि मागं जांभळ्या रिबिनीची गाठ. माझ्या दोन्ही बाजूंना पुरुष बसलेले. अधारतालच्या मेन रोडवरून बसचे हॉर्न, मांडवात अगरबत्तीचा धूर. त्रिसरण-पंचशील होऊन थोडाच वेळ झाला होता. आत बायकांना साड्या वाटून झाल्या होत्या. त्या ढिगात माझ्या नावाची साडी नाही हे मी सकाळीच पाहिलं होतं आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. तेव्हाच ओळखायला हवं होतं. आमचे आजोबा फॅक्टरीत लागायला भंडाऱ्याहून जबलपूरला आले, तसेच टिकारामजींचे वडीलही आले. आणि येताना या लोकांनी जे जे आणलं ते इथे बरणीत घालून ठेवलं. तिकडे गावाला टॉवेल-टोपी आता कोणी मनापासून देत नसेल. इथे मात्र सराफ्याच्या मागच्या गल्लीत एक दुकानदार खास आपल्या लोकांसाठी टोप्या ठेवतो, आणि महाराजपूरहून आलेला म्हातारा ती शोधून आणतो, प्रेमानं. तेच तर वाईट आहे. प्रेमानं दिलेलं तोंडावर फेकता येत नाही.

अंगठ्यांची वेळ झाली. सगळे उठून पुढे सरकले, मोनाच्या नावानं ओरडाआरडा सुरू झाला. मी एकटी बसून राहिले. खांद्यावरचा टॉवेल हळूच ओढला, चार घड्या घातल्या आणि बूड जरासं उचलून खाली सरकवला. माझा कुर्ता गडद निळा होता म्हणून बरं. टॉवेल मऊ होता, त्यानं लगेच पिऊन घेतलं, आणि त्या मऊपणानंही मला ओकारी आल्यासारखं झालं. कोणीतरी मागून म्हणालं, "अर्चनादीदी, चलो ना!" मी हात हलवला, तुम्ही करा, मी इथून बघते. घरातला कर्ता पुरुष जसा मागं बसून पाहतो तसंच ते दिसलं असणार. दोन-तीन जणांनी कौतुकानं माझ्याकडे पाहिलं.

मी हे आधी पाहिलेलं आहे. माणसांत नाही, हेकरूंत. हेकरू म्हणजे समुद्रातल्या खडकांवर राहणारा जाड ओठांचा, चिडक्या तोंडाचा मासा. कोकणात त्याला तसं म्हणतात, जबलपुरात त्याला नाव नाही कारण त्याची गरजच नाही. एके काळी संशोधनासाठी मी याच माशाच्या मागे एका बेटावर राहत होते. बेट इतकं दूर की जहाज सुटल्यावर दुसऱ्या दिवशी माणूस विसरतो आपण कुठे चाललोय ते. भोवती पोवळ्याचं कडं, कड्याला एका बाजूनं खाच, आणि वर्षातल्या ठरावीक अमावास्यांना त्या खाचेत सगळ्या बेटाचे हेकरू जमायचे. नर आधी येऊन जागा धरायचे, रंग बदलायचे, एकमेकांना चावायचे. मग माद्या यायच्या, पोटं अशी तट्ट फुगलेली की त्यांना धड पोहता येत नसे. बेटावरच्या लोकांना ती जागा बापजाद्यांपासून ठाऊक. ते गळ टाकायचे आणि सगळ्यांत मोठे मासे आधी वर यायचे. मोठे म्हणजे नर, कारण हेकरू जन्मतो मादी म्हणूनच, आणि नर होतो तो मोठेपणी. नर कमी झाले की उरलेल्यांतली मोठी मादी नर व्हायला लागते. तिला कोणी विचारत नाही. टोपीही घालत नाहीत, एवढं खरं.

माझं काम किळसवाणं होतं आणि मला ते आवडायचं, हे आज सांगूनही कोणाला पटणार नाही. किनाऱ्यावर मासे कापायला बसलेल्या लोकांकडून मी पोटातला ऐवज मागून घ्यायची. लोक हसायचे, मांस सोडून ही बाई घाण मागते. ती घाण मी बाटल्यांत भरायची, औषधात मुरवायची, मेणात बसवायची आणि कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापून, रंग देऊन काचेवर ठेवायची. जांभळ्या-गुलाबी रंगात सगळं दिसायचं. पिकलेल्या मादीची अंडी रसरशीत, एकमेकांना खेटलेली. आणि बदलत्या मादीत ते दुसरं. तिथे अंडी फुटलेली असायची, चुरगळलेली, आणि ज्या पेशींनी त्यांना वाढवलं त्याच पेशी त्यांना आतून खात असायच्या. खाऊन उरलेल्याचे पिवळट तपकिरी गोळे मागे राहायचे. त्या पडझडीतच नराचं बीज बारीक बारीक ठिपक्यांनी सुरू झालेलं असायचं. माझ्या सरांनी मला पहिल्यांदा ती काच दाखवली तेव्हा विचारलं होतं, पूर्ण नर झाल्यावर हा एकेकाळी मादी होता हे कसं ओळखशील? मला येईना. त्यांनी बोटानं दाखवलं, मधे बघ. मधे पोकळी होती. अंडी बाहेर पडायची जागा. नराला तिचा काही उपयोग नाही, तरी ती बुजत नाही, मरेपर्यंत तशीच राहते. त्या रात्री मी जेवले नव्हते, आणि सरांना वाटलं होतं मला औषधाच्या वासाचा त्रास झाला.

"अर्चना, अवं अर्चना, पाणी घेतं का?" चंपाआत्या ग्लास घेऊन समोर उभी. बाबांची मोठी बहीण, विधवा, आमच्याच घरी राहते आणि घरातलं प्रत्येक पान हीच वाढते. मी पाणी घेतलं. ती माझ्या टोपीकडे बघून तोंडभर हसली. "जगन्नाथच बसला आहे असं वाटून राहिलं. मी तुह्या मायले म्हटलं, पाहा पाहा, नाक बी तेच." मी म्हटलं, "आत्या, मला जरा बरं वाटत नाहीये." ती खाली वाकली, तिच्या तोंडाला सुपारीचा वास होता. "तेच का?" "हो." "बस मंग चुपचाप. सोमवारी आहेच तुहं. एकदा काढून टाकली की कटकट मिटली." आणि ग्लास घेऊन गेली. कटकट मिटली. घरात जुना पंखा खडखड करायला लागला की आम्ही असंच बोलतो.

सोमवारचं असं होतं. माझ्या गर्भपिशवीत गाठी आहेत, बऱ्याच, त्यातली एक लिंबाएवढी. महिन्यातले निम्मे दिवस मी रक्तात असते, जिना चढले की धाप लागते, ऑफिसात खुर्चीवरून उठताना आधी मागं वळून पाहते. आई आणि आत्या दोघी माझ्याबरोबर दवाखान्यात आल्या होत्या. डॉक्टर मॅडम चांगल्या होत्या, घाईत होत्या. त्यांनी सांगितलं, "दो रास्ते हैं. या तो सिर्फ गाँठें निकाल दें, या फिर पूरी बच्चेदानी. आगे का कुछ सोचा है आपने?" प्रश्न मला होता. मी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाली, "इसको क्या करना है मैडम, ये तो हमारा लड़का है." मॅडम हसल्या. आई हसली. मी पण हसले! मी हसले, याचा मला इतका तिटकारा आला की घरी येऊन मी दात घासले. मॅडमनी म्हटलं होतं, नीट विचार करा, शनिवारपर्यंत फोन करून कळवा, त्याप्रमाणे तयारी करू. आज शनिवार. घरात कोणाला वाटतच नव्हतं की कळवायचं काही शिल्लक आहे. आईनं तर शेजारी सांगूनही टाकलं होतं, मोनाच्या लग्नाआधी अर्चनाची पिशवी काढून घेतो, म्हणजे लग्नात धावपळ करायला मोकळी.

मोकळी. शब्द ऐकून हसावं की थुंकावं कळत नाही. बाबा गेले तेव्हा मी बेटावर होते. निरोप मिळाला पण जहाज नव्हतं. समुद्राकडे तोंड करून मी जहाजाची वाट पाहत होते आणि खाचेत त्याच अमावास्येला हेकरू जमले होते. घरी पोचले तर बाबांचा फोटो भिंतीवर लागून त्याच्यावरचा हारही सुकला होता. मोना तेव्हा शाळेत, बंटी बारावीत. आत्या माझ्या गळ्यात पडून रडली आणि रडता रडता म्हणाली, आता तूच. त्या दोन शब्दांत सगळं झालं. अनुकंपा म्हणून फॅक्टरीत बाबांच्या जागी घरातल्या एकाला घेणार होते. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि बंटी लहान आहे. बंटी अजून लहान आहे. त्याला दाढी आहे, मोबाइल कव्हरचं दुकान आहे, पोट सुटलंय, पण तो लहान आहे. मी बाबांच्या स्टोअरमधे लागले, त्यांच्याच खुर्चीत, तिच्या हातावर त्यांच्या कोपरानं पडलेला गुळगुळीत डाग होता. लोक म्हणाले, वा, मुलगाच निघाली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. सरांनी दोनदा कळवलं, ये, काम अर्धं पडलंय. मग कळवणं बंद झालं. काचांची लाकडी पेटी माझ्या कपाटावर आहे. आत्या तिच्यावर उशा ठेवते.

दूरच्या बेटाची एक गोष्ट मला तेव्हा शिकवली होती. किनाऱ्याजवळच्या खडकांवर मासे संपले तर शेजारून येतात. भर समुद्रातल्या बेटाला शेजार नसतो. तिथली अंडी पाण्यात सुटतात, वाहत दूर जातात, बहुतेक मरतात, आणि त्यातली जी थोडी परत फिरून त्याच कड्याला लागतात त्यांच्यावरच पुढचं सगळं चालतं. बाहेरून कोणी येत नाही. आम्हीही तसेच. या गावात आपले लोक मोजके, चार कॉलन्यांत वाटलेले, आणि पोरीला स्थळ बघायचं तर त्याच चार कॉलन्या फिरायच्या. अक्षतची आई आणि माझी आई लहानपणी एका नळावर पाणी भरायच्या. मी वाहून लांब गेले होते. परत येऊन लागले. आणि लागल्याबरोबर मला रिकामी जागा दाखवण्यात आली.

पंगत बसली. म्हणजे टेबलंच, पण वाढणं पंगतीचं. जेवण केटररचं होतं, मासा मात्र आत्यानं घरी केला होता, कारण टिकारामजींना तिच्या हातचा रोहू आवडतो. मला टेबलाशी जायला सांगतील म्हणून मी धास्तावले होते, पण कर्त्या माणसाला खुर्चीवरच ताट येतं, हाही एक मान. ताट आलं. मधोमध रोहूचं मुंडकं, रश्शात बुडालेलं, उघड्या तोंडाचं, एक डोळा पांढरा होऊन बाहेर आलेला. आमच्यात मुंडकं घरच्या पुरुषाला. बाबा ते चवीनं चोखायचे, हाडं ताटाच्या कडेला एका रांगेत लावायचे. त्यांच्यानंतर पहिल्यांदा घरात मासा झाला त्या दिवशी आईनं काही न बोलता ते माझ्या पानात ठेवलं आणि मी काही न बोलता खाल्लं. तेव्हापासून खाते आहे. पलीकडच्या टेबलावर मोनाच्या पानात आत्या अंड्याची लांबट पिवळी गाभोळी वाढत होती, "खाय खाय, तुले पाह्यजे आता," आणि बायका खिदळल्या. मोना लाजली. मी इतक्या लांबून ओळखलं, पिकलेली आहे, आठवड्याभरात सुटली असती. मला ती हवी होती असं नाही. मला कुठलंच नको होतं. पण मुंडक्याच्या त्या पांढऱ्या डोळ्याकडे पाहताना पहिल्यांदा मनात आलं की इतक्या वर्षांत मला एकदाही कोणी विचारलं नाही, तुला यातलं काय आवडतं. टॉवेल खाली आणखी ओला झाला होता. रस्सा, अगरबत्ती, सुपारी, डांबराची गोळी आणि माझा स्वतःचा लोखंडासारखा वास, सगळं एकत्र नाकात गेलं. मी मुंडक्यावर पोळी झाकली.

"चलो, फोटो! बैठकीतल्या माणसाईचा फोटो!" बंटीनं आरोळी ठोकली. पुरुष माझ्याभोवती गोळा झाले, टिकारामजी माझ्या शेजारी, मागे अक्षतचे वडील, काका, सगळ्यांच्या डोक्यावर तसल्याच टोप्या. आई लगबगीनं पुढं आली. तिला हा फोटो हवाच होता. भिंतीवर बाबांच्या बाजूला लावायचा असं तिनं सकाळीच ठरवलं होतं. तिनं माझी टोपी सरळ केली आणि माझे खांदे पाहिले. "टॉवेल कुठी आहे? अवं, टॉवेल घे ना खांद्यावर. फोटोत दिसला पाह्यजे."

"राहू दे, आई."

"राहू काहून दे? मान देल्ला त्याहीनं. पाहुण्याईले वाईट वाटन." सगळे वाट बघत होते. टिकारामजी आजूबाजूला टॉवेल शोधायला लागले, खुर्चीखाली वाकून पाहायला लागले. तेव्हा मी जे केलं ते मी ठरवून केलं नाही. हात मागं नेला, टॉवेल खालून ओढून घेतला, डाग आतल्या बाजूला राहील अशी घडी उलटवली आणि खांद्यावर टाकला. उभी राहिले. गलेफाला काही लागलं नव्हतं. टॉवेल खांद्यावर ओला, कोमट लागत होता. बंटी म्हणाला, "दीदी, स्माइल!" मी हसले. आई समाधानानं मागं सरली. तो फोटो आता मोठा करून आणायचा आहे. त्यात डाव्या खांद्यावर पांढरी स्वच्छ घडी दिसते आणि तिच्या आत काय आहे ते त्या साऱ्या टोप्यांत एका टोपीला माहीत आहे.

पाहुणे गेले. मोना नव्या साडीत हॉलमधे फोनवर बोलत बसली, बंटी खुर्च्या मोजून देत होता, आत्या आडवी झाली. मी बाथरूममधे जाऊन आले, सलवार बदलली, आणि टोपी डोक्यावर तशीच ठेवून मागच्या दाराच्या पायरीवर बसले. टॉवेल पलंगावर राहिला होता. आई तो कपाटात ठेवायला गेली असणार, तिला मानाच्या वस्तू नीट ठेवायची सवय आहे. थोड्या वेळानं ती मागच्या दारात आली, तिच्या हातात उलगडलेला टॉवेल. मधोमध डाग, कडेनं तपकिरी व्हायला लागलेला.

"हे काय व?"

"माझं आहे."

"फोटोत... हाच होता?"

"हाच."

तिच्या तोंडावर जे आलं ते मला ओळखीचं होतं. किळस. मला बरं वाटलं. दिवसभर ती माझ्या एकटीकडे होती, आता दोघींत वाटली गेली. मी तिच्या समोरच फोन उचलला आणि दवाखान्यात लावला. मॅडमच बोलल्या. मी म्हटलं, "मैडम, अर्चना बोल रही हूँ, सोमवार वाली. सिर्फ गाँठें निकालनी हैं. बच्चेदानी नहीं." त्या म्हणाल्या, गाठी परत होऊ शकतात, रक्तही जास्त जाईल, तुम्हाला माहीत आहे ना? मी म्हटलं, "मालूम है." आणि फोन ठेवला.

आई टॉवेल धरून तशीच उभी. "काहून केलं असं? ठरलं होतं ना?"

"माझ्याशी नव्हतं ठरलं."

"पुन्हा झाल्या तर गाठी?"

"तर पुन्हा काढू."

"लेकरू पाह्यजे का तुले आता? या वयात?"

"नाही."

"मंग काय करते तिचं? काहून ठेवते उगाच?"

"तुझी आहे ना अजून?" मी विचारलं. "पासष्टीची झालीस. तू काय करते तिचं? तू काहून नाही काढून टाकली?"

मला वाटलं आता ही रडेल, नाहीतर आत्याला उठवून आणेल, आणि मग दोघी मिळून मला सांगतील की बाबा असते तर. मी तयारीत होते. माझ्या जिभेवर इतकं काही वाईट तयार होतं की तोंडाला कडू चव आली होती. पण ती पायरी उतरून अंगणातल्या नळाशी गेली, बादली ओढली, नळ सोडला. मी उठले. "गीझर लावते," मी म्हटलं, "गरम पाणी आणते."

"गरम नोको," ती पाठमोरीच म्हणाली. "गरम पाण्यानं डाग पक्का बसते. इतकी शिकली, एवढं माईत नाई तुले?" ती उकिडवी बसली, साबण घासायला लागली. बादलीतलं पाणी आधी गुलाबी, मग गढूळ झालं. ती घासत होती आणि मी तिच्या मनगटाकडे बघत होते. मी चौदा वर्षांची असताना याच नळावर तिनं माझं पहिलं कापड असंच धुतलं होतं, आणि कसं धुवायचं ते दाखवलं होतं. मला ते साफ विसरायला झालं होतं. तिलाही झालं असावं, कारण मधेच तिचा हात थांबला.

"धर इकून," ती म्हणाली. मी टॉवेलचं एक टोक धरलं, तिनं दुसरं, आणि आम्ही उलट्या बाजूंनी पीळ घातला. पाणी खाली सांडलं. डाग गेला नव्हता, फिका झाला होता. "लय दुखते का?" तिनं खाली बघत विचारलं.

"हो. लय."

"सांगत काहून नाई मंग?" तिनं टॉवेल दोरीवर झटकून टाकला, पदराला हात पुसले, माझ्याकडे नीट पाहिलं आणि कपाळाला आठी घातली.

"टोपी काढ आता ते," ती म्हणाली, आणि मी हात वर न्यायच्या आत तिनंच ती ओल्या हातांनी काढली. "केस पाहा किती घामेजले तुहे. बस खाली. तेल लावून देतो."